एक दुकान, दोन भाव

माझ्या बायकोला भांडायला एक नवरा पुरत नाही. लग्नानंतर कराडला आल्यावर वर्षभरात तिच्या हे लक्षात आलं, आणि तिने मंगळवार पेठेतले विलासशेठ कोळपकर धरले.

विलासशेठचं भांड्यांचं दुकान. साधी बारीकशी वस्तू, म्हणजे गाळणं किंवा सांडशी घ्यायची असली तरी हेमांगीचा तास जायचा. शेठ आधी तिला खुर्ची द्यायचे, मग पाणी, मग भाव. भाव ऐकला की ती उठायची. पायरीपर्यंत जायची आणि तिथे तिला चप्पल सापडायची नाही. मग आतून हाक यायची, "वहिनी, ऐका तर जरा!" ती परत येऊन बसायची. शेवटी दोघं ज्या आकड्यावर पोचायची तो दोघांना पहिल्यापासून ठाऊक असायचा. तरी दोघांच्याही तोंडावर मैदान मारल्याचा आनंद असायचा. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. ऊर्जेचा एवढा अपव्यय मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही, आणि त्यातून इतका आनंद निघालेलाही पाहिलेला नाही.

हा सगळा खेळ बंद पडला तो 'भावराखण' नावाच्या सोयीमुळे. ती आमच्या क्रेडिट कार्डाबरोबर आली, म्हणजे आता सगळ्यांच्याच कार्डाबरोबर येते.

कल्पना तशी जुनी. पूर्वीही काही कार्डांवर अशी सोय असायची. वस्तू घेतल्यावर ठरावीक मुदतीत तीच वस्तू कुठे स्वस्त दिसली, तर पावती आणि पुरावा जोडून अर्ज करा, फरक परत मिळेल. अर्ज कोण करत बसतो? कार्डवाल्यांचा सगळा भरवसा आपल्या आळसावर होता. भावराखणीने तो आळसच मोडीत काढला. आता कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूवर डोळ्यांना न दिसणारी ठिपक्यांची खूण कोरलेली असते. दुकानातल्या यंत्राने बिल केलं की ती खूण, दुकान आणि भाव एवढंच एका सामाईक साठ्यात जातं. गिऱ्हाइकाचं नाव जात नाही, आणि भावही कुलूपबंद होऊन जातो.

कुलूपबंद आकड्यांची तुलना कशी होते, हे मी हेमांगीला वर्गातल्या पोरांसारखं समजावलं होतं. समजा, दोन मुलांना गुण न सांगता कोणाला जास्त मिळाले ते जाणून घ्यायचंय. दोघांनी आपसात एक गुपित आकडा ठरवायचा, तो आपापल्या गुणांत मिळवायचा आणि बेरीज तिसऱ्याला सांगायची. तिसऱ्याला कोणाचेच गुण कळत नाहीत, पण जास्त कोणाला ते बरोबर कळतं, आणि किती जास्त तेही. भावराखण याहून पुष्कळ अवघड गणितं करून लाखो पावत्यांवर हेच काम करते. आपण घेतलेली वस्तू तीन महिन्यांत गावात कुठेही स्वस्त विकली गेली, की फरक आपोआप खात्यात जमा.

"म्हणजे माझ्याऐवजी ते कार्ड घासाघीस करणार," हेमांगी म्हणाली होती. "मग मी काय करू?"

पुढे कार्डवाल्यांच्या वतीने फरक भरणाऱ्या विमा कंपनीला ते झेपेना, तेव्हा आणखी एक नियम आला. एकाच दुकानाने एकाच वस्तूचे दोन भाव लावले, तर फरक दुकानदाराच्या खिशातून जाणार, आणि ज्यांनी ज्यांनी ती वस्तू घेतली त्या सगळ्यांना जाणार. बाजारातल्या दुकानदारांनी नियम न वाचताच 'मान्य' वर बोट ठेवलं आणि मग घाईघाईने 'एकच भाव' अशा पाट्या लावल्या. विलासशेठनीही लावली. त्या दिवसापासून हेमांगी त्यांच्या दुकानातून पोस्टातून आल्यासारखी यायला लागली.

गेल्या महिन्यात तिने तिथून तीन पातेल्यांचा संच घेतला. पाटीवरच्या भावाने, एका शब्दाची देवाणघेवाण न करता. चहासुद्धा नको म्हणाली.

आणि परवा सकाळी पोहे खाता खाता तिचा फोन बोलला.

"अभिनंदन! आपण घेतलेला पातेल्यांचा संच कमी भावात विकला गेला आहे. जवळपास निम्मी रक्कम आपल्या खात्यात जमा होत आहे."

"निम्मी?" हेमांगीचा घास हातात राहिला. "कुठल्या दुकानात मिळतोय निम्म्यात?"

"त्याच दुकानात."

पोहे तसेच राहिले. दहा मिनिटांत आम्ही मंगळवार पेठेत होतो. मी बरोबर गेलो ते शेठच्या काळजीने.

"विलासशेठ, तीस वर्षं तुमची पायरी झिजवली मी," तिने उभ्यानेच सुरुवात केली. "मला एक रुपया सोडायला तुमचे हात बांधलेत म्हणे. आणि कोणाला तरी निम्म्यात? कोण आहे ती एवढी लाडकी?"

शेठ काउंटरमागे बसले होते. समोरच्या पडद्यावर एकामागून एक ओळी उमटत होत्या. तो संच घेतलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे दावे होते ते. त्यांनी पडदा आडवा केला.

"चुकलं, वहिनी. रोखीनं दिलं होतं. म्हटलं, रोखीतलं कार्डाला काय कळतंय! पण बिलाचं यंत्र समद्यांचंच सांगतंय की ओ." ते ओशाळं हसले. "तुमचा फरक मिळाला न्हवं? मग झालं तर. सोडा आता विषय."

"नाव सांगा."

"गिऱ्हाईक हाय."

"मी कोण आहे मग?"

पुसलेलाच तांब्या शेठनी पुन्हा पुसायला घेतला. हेमांगी वळली. या वेळी पायरीवर तिला चप्पल लगेच सापडली, आणि आतून हाक आली नाही. रस्त्यावर येईपर्यंत तिचे डोळे भरले होते. पैशांसाठी ती कधीच रडली नसती. आपण या दुकानात कोणी तरी आहोत असं तिला इतकी वर्षं वाटत होतं, तेच तिच्या हातून गेलं होतं.

मन मोकळं करायला ती गेली प्राजक्ताकडे.

प्राजक्ता माझ्या धाकट्या भावाची, शिरीषची बायको. शिरीष जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही तिला काही द्यायला गेलो की ती गोड हसून परत करते. डबा दिला तर डबा भरून परत. पैसे दिले तर पाकीट न फोडता परत. वर्षभरापूर्वी तिची नोकरी गेली तेही आम्हाला बाहेरून कळलं. विद्यानगरात कॉलेजची पोरं पुष्कळ, म्हणून तिने खानावळ काढायची ठरवली होती. सोमवारी सुरुवात. ती चालली नाही तर बारामतीला भावाकडे कायमचं जायचं, हेही तिने आम्हाला पाहुण्यांना सांगावं तसं सांगून टाकलं होतं. ती गेली की शिरीषचं म्हणून आमच्याजवळ काही उरणार नव्हतं. हेमांगी हे बोलून दाखवत नव्हती, पण सोमवार जवळ आला तशी तिची झोप कमी झाली होती.

आम्ही पोचलो तेव्हा प्राजक्ता स्वयंपाकघरात नवी भांडी पुसून फळीवर लावत होती. हेमांगीने श्वास न घेता सगळं सांगितलं. पाटीवरचा भाव, निम्मी रक्कम, शेठचं तोंड लपवणं.

"तीन थरांची पातेली गं, काळ्या मुठीची! निम्म्यात कोणी विकतं का? त्यांना स्वतःला पडत नसतील निम्म्यात. कोणावर तरी मेहेरबानी केली झालं, आणि मला विचारलंसुद्धा..."

ती थांबली. तिची नजर फळीवर गेली होती. तिथे तसेच दोन संच होते. काळ्या मुठीचे.

प्राजक्ताच्या हातातलं फडकं थांबलं. "कंपनीची योजना आहे म्हणाले मला. सगळ्यांना हाच भाव."

"असेल," हेमांगी घाईने म्हणाली. "योजना असेल. मी गेले तेव्हा संपली असेल."

"तुम्ही माझ्या आधी घेतलात की नंतर?"

हेमांगीला खोटं बोलता येतं, पण तयारीला वेळ लागतो. ती तयारी व्हायच्या आतच प्राजक्ताला जे कळायचं ते कळलं.

"उद्या परत करते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "फुकटाच्या भांड्यांत मला नाही रांधायचं, ताई. दादा, मी परत केली तर शेठना ते फरक भरावे लागतील का?"

ती मला दादा म्हणते. खरं सांगायची सवय मला शाळेने लावली.

"विक्रीच रद्द झाली तर तो भाव साठ्यातून निघून जातो," मी म्हणालो. "मग सगळ्यांचे दावे पडतात. शेठ सुटतील."

"मग तर परत करायलाच हवीत."

"अगं, पण सोमवारी पोरं जेवायला येणार ना?"

"नाही येणार. सांगते त्यांना." तिने पातेली फळीवरून काढायला घेतली. "पूर्ण भावाने घ्यायला आत्ता जमणार नाही मला. बारामतीला माझा भाऊ केव्हाचा बोलावतोय."

रिक्षात हेमांगी माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. घराजवळ आल्यावर बोलली.

"तुम्हाला नियम सांगायला कोणी सांगितलं होतं?"

"तिने विचारलं."

"विचारलं म्हणून लगेच सांगायचं?" मग थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाली, "मी कशाला गेले हो तिच्याकडे? शेठ बिचारे नाव सांगत नव्हते."

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात नुसती इकडून तिकडे फिरत होती. मी माझ्या परीने विचार करत बसलो होतो. भावराखण बनवणाऱ्यांनी काही वाईट केलं नव्हतं. एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी भाव हा अन्यायच, आणि तो त्यांनी दूर केला. पण आपल्याकडे भावात माणसं बाकीचंही पुष्कळ काही ठेवून देत असत. लाज न वाटता घेता यावी म्हणून मदत ठेवत. जुनी ओळख ठेवत. यंत्राने भाव स्वच्छ धुऊन दिला, आणि त्यात ठेवलेलं पाण्याबरोबर वाहून गेलं. हे मी हेमांगीला सांगितलं.

"प्रत्येक वस्तूवर ती खूण असते?" तिने मध्येच विचारलं.

"प्रत्येक नव्या वस्तूवर."

"आणि जुन्या?"

"जुन्यांवर कशी असेल?"

ती एकदम उठून आत गेली. लगेच माळ्यावर धडधड ऐकू आली. मी धावलो तर ती शिडीवर उभी होती आणि एक भलंमोठं तांब्याचं घंगाळ कडेला ओढत होती. पूर्वी लोक आंघोळीचं पाणी अशा घंगाळात काढत.

"पकडा खालून. आणि ऐका. हे सासूबाईंचं."

"काहीतरीच काय? हे तुझ्या..."

"सासूबाईंचं!" शिडीवरून तिने असे डोळे वटारले की मला आईचं घंगाळ स्पष्ट आठवायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानात पोचलो तेव्हा प्राजक्ता दारातच रिक्षातून पातेली उतरवत होती. मी आमच्या रिक्षातून घंगाळ उतरवून आत नेलं. ते काउंटरवर आदळलं तसा सगळ्या दुकानात घुमणारा आवाज झाला.

"शेठ, मोड घेता ना अजून?" हेमांगीने विचारलं.

जुनी फुटकी, पोचे आलेली भांडी द्यायची, त्या मोडीचं वजन करून तेवढी किंमत नव्या भांड्यांतून वजा करायची, ही कासारांकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शेठ हेमांगीकडे पाहत राहिले. मग त्यांनी प्राजक्ताकडे पाहिलं, पातेल्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"घेतो की! न घ्यायला काय झालं?"

"मग ऐका. हिची आधीची विक्री रद्द करा. नवं बिल करा, पाटीवरच्या भावाने, एक पैसा कमी नको. आणि त्यातून ही मोड वजा करा."

"ताई, हे काय चाललंय?" प्राजक्ता म्हणाली.

"सासूबाईंचं घंगाळ आहे. शिरीषभाऊजी गेले, भांड्यांची वाटणी राहिली ती राहिलीच. यात तुझा वाटा आहे."

"मला नको वाटणी."

"तुला नको असेल. पण उद्या गावात काय म्हणतील? थोरलीने भांडी दाबली म्हणतील! माझी अब्रू गेली तर चालेल तुला?"

प्राजक्ता स्टुलावर बसली. शेठनी घंगाळ उचलून काट्यावर ठेवलं. ठेवता ठेवता ते थबकले. त्याच्या काठाखाली काही अक्षरं कोरलेली होती. शेठनी हेमांगीकडे पाहिलं, घंगाळ सावकाश फिरवलं, आणि अक्षरांवर पंजा ठेवून उभे राहिले. तो पंजा चांगला जड असावा, कारण काट्यावरचा आकडा भराभर वर गेला. दुकानदार काटा मारतात हे मी ऐकून होतो. गिऱ्हाइकाच्या बाजूने मारलेला पहिल्यांदाच पाहत होतो.

"भाव बोला," हेमांगी म्हणाली.

शेठ बोलले. तो भाव तांब्याचा नसून सोन्याचा वाटावा इतका चढा होता.

"एवढाच?" ती उसळली. "हे जुनं तांबं आहे शेठ, आत्ताच्या पत्र्यासारखं नाही!"

"वहिनी, पार सांगली-कोल्हापुरात फिरा. याच्या वर कोण दिलं तर दुकान तुमच्या नावावर करतो."

"नको मला तुमचं दुकान. उचला हो ते घंगाळ. चाललो आम्ही."

ती ताडताड पायरीपर्यंत गेली आणि वाकून चप्पल शोधू लागली. चप्पल तिच्या पायाशीच होती.

"वहिनी, आवो ऐका तर जरा!" शेठ इतक्या जोरात ओरडले की शेजारचा कापडवाला बाहेर आला. "बसा. पाणी घ्या. किती म्हणता तुम्ही?"

मग जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. ती भाव वाढवून मागत होती, त्यांना वाढवून द्यायचाच होता, आणि तरीही दोघं इरेला पेटून भांडत होती. शेठनी बायकामुलांच्या शपथा घेतल्या. हेमांगीने त्यांच्या वडिलांची आठवण काढली, त्यांच्या काळी माणसांना माणुसकी होती म्हणाली. शेठ म्हणाले, माझ्या म्हाताऱ्याला मधी आणू नका. हेमांगी म्हणाली, आणणार. अर्ध्या तासाने ती आणि ते, दोघं घाम पुसत एका आकड्यावर थांबली. दोन संचांच्या निम्म्या किमतीला तो बरोब्बर पुरत होता. बाकीचं प्राजक्ताने दिलेल्या पहिल्या पैशांत भागत होतं.

शेठनी बिल केलं. आडवा पडदा सरळ केला. त्यावरच्या दाव्यांच्या ओळी एकेक करून पुसल्या जात होत्या. हेमांगीचा फोनही बोलला.

"क्षमस्व. आपल्याला परत दिलेली रक्कम काढून घेण्यात येत आहे."

"घे बाई, घे," हेमांगी फोनला म्हणाली. पैसे गेल्याचा तिला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. शेठनी घंगाळ मोडीच्या ढिगावर टाकलं नाही. उचलून आत, देवाच्या फोटोखाली नेऊन ठेवलं.

"आता पातेल्यांवर नाव घालायचं का?" त्यांनी बाहेर येत प्राजक्ताला विचारलं. "खानावळीची भांडी. अदलाबदल होती."

"घाला," प्राजक्ता म्हणाली. "हेमांगी आणि प्राजक्ता."

"माझं कशाला?" हेमांगी म्हणाली.

"मोड तुमची आहे म्हणून. 'चि. हेमांगी हिस, बाबांकडून.' काठाखाली लिहिलंय, ताई. दादांनी रिक्षातून उतरवलं तेव्हाच वाचलं मी."

शेठनी आपल्या पंजाकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. हेमांगी खुर्चीवर बसली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलणार होते. पण तुम्ही भांडायला लागलात." प्राजक्ताचा आवाज पहिल्यांदा ओला झाला. "शिरीष गेल्यापासून माझ्या बाजूने कोणी भांडलं नव्हतं. ऐकत राहावंसं वाटलं."

हेमांगीने पदर डोळ्यांना लावला. शेठ यंत्रात सुई बसवून पातेल्यांवर अक्षरं कोरायला लागले. मग प्राजक्ता स्टुलावरून उठली आणि खुर्चीजवळ येऊन उभी राहिली.

"ताई, एक मागू? सोमवारपासून पोळ्यांना याल? मला एकटीला नाही जमणार. पण पहाटे पाचला यावं लागेल, आणि रोज."

माझी बायको आठच्या आत कधी उठलेली मला माहीत नाही. मी तिच्याकडे पाहिलं. आता ती सहा म्हणेल, मग साडेपाचवर येईल, अशी माझी खात्री होती.

"येते," हेमांगी म्हणाली.